सिझनच्या हेल्पर भावाला, सगळ्यांसमोर थँक्यू

भो, तुला फोनवर थँक्यू म्हटलं की तू "काय दादा, काहीही" म्हणून विषयच बदलतो, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकत नाही, तुला ते आवडणार नाही माहितीये, आणि धरणगाव रूटवर दिवाळीत ज्यांनी ज्यांनी पार्सल घेतलं त्यांना नाव न सांगता पण कळेल मी कोणाबद्दल बोलून राहिलो.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी जळगावच्या हबवरून, म्हणजे ऑनलाइन पार्सलच्या गोडाऊनवरून, छोटा हत्ती टेम्पो चालवतो. बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडला की पाळधी, तिथून आत धरणगाव आणि आजूबाजूची खेडी. वर्षभर एकट्याने निभतं. पण दसरा ते दिवाळी सेलचा माल सुटला की गाडीत पाय ठेवायला जागा नसते, साड्या, बूट, मिक्सर, मोबाइल, टीव्ही, आणि आता तर लोक डिंक-सुकामेवा पण ऑनलाइन मागवतात. मग सिझनपुरते हेल्पर लावतात, रोजावर. येतात तशी निम्मी पोरं दोन-चार दिवसात गायब होतात आणि मी त्यांना नावं ठेवत नाही, कारण ऑक्टोबरचं ऊन, पत्र्याची गाडी, दिवसभर चढ-उतर, वरून कस्टमरचं ऐकून घ्यायचं, आणि शिकवणी काय तर मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवतात, त्यात बाई हसत हसत लिफ्टमधून वर जाऊन पार्सल देते. आपल्या सोनवदला कुठली लिफ्ट रे!

तू आला तेव्हा मला वाटलं हा पण तसाच, अंगाने काडी, वजन काय उचलणार. तू आल्या आल्या विचारलं, "दादा, मार्कर शे का?" हबवरून जाड काळा मार्कर मागून आणला आणि एकेका खोक्यावर हाताएवढं अक्षर टाकत सुटला, पा म्हणजे पाळधी, चां म्हणजे चांदसर, सो म्हणजे सोनवद, आणि ध असेल तर त्याच्या खाली गल्लीची तुझी तुझी खूण. लेबल असतं ना त्याच्यावर, बारकोड असतो, सगळं असतं, पण ते बारीक छापलेलं वाचायला प्रत्येक खोका फिरवावा लागतो आणि संध्याकाळी तर टॉर्च तोंडात धरून. तुझ्या अक्षरांमुळे मी स्टेअरिंगवर बसून मागे वळून बघितलं तरी कळायचं काय राहिलंय. मग शेवटी उतरवायचं ते आत, आधी उतरवायचं ते दाराशी. टीव्ही उभेच, केबिनच्या मागच्या पत्र्याला टेकवून, कारण आडवा टाकला आणि वर कोणी मिक्सर ठेवला की पॅनलला तडा गेलाच समज, आणि दोन टीव्हीच्या मधे ती गुंडाळलेली फोमची गादी खुपसून दिली, जी आपल्याला तशीही डिलिव्हर करायचीच होती. मी इतकी वर्षं गाडी भरतोय, गादीचा असा उपयोग मला सुचला नव्हता.

पण खरं काम तू केलं ते वेळेचं. अॅप रूट लावतं अंतर बघून, जवळचं आधी. म्हणजे दुपारी बारा-एकला आपण खेड्यात आणि घराला कुलूप, कारण दिवाळीच्या तोंडावर अख्खं गाव कापूस वेचायला वावरात. कुलपाचा फोटो काढायचा, "कस्टमर घरी नाही" मारायचं, उद्या परत तेच पार्सल, परवा परत, आणि मग माल रिटर्न. तू म्हणाला, "आता गावात जाऊन काय करशील दादा, कुत्रे भेटतील फक्त." दुपारी धरणगाव शहर उरकायचं, दुकानं, बँका, शाळेचे मास्तर, आणि साडेपाचनंतर खेडी, जेव्हा लोक वावरातून घरी आलेले असतात, हातपाय धुवून ओट्यावर बसलेले. कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी ते पण तुला पाठ, त्या दिवशी ते गाव सोडूनच द्यायचं. आणि कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यांचं तर वेगळंच, "ह्यांचा कापूस शनिवारी गाडीत भरणार आहे, रविवारी नेऊ." खरंच रविवारी नेलं आणि माणसाने पैसे मोजून हातात दिले. नाहीतर त्याने शुक्रवारी "नको, परत न्या" म्हटलं असतं, आणि त्याला नको नव्हतं, त्याच्याकडे त्या दिवशी पैसे नव्हते एवढंच. हे कोणत्या अॅपला कळणार आहे.

पत्त्याचं पण तेच. पिनकोड आपल्याकडे 15 ऑगस्ट 1972 पासून आहे, सहा आकडे, आणि 425105 म्हटलं की धरणगाव, पण त्या एका नंबरात कितीतरी खेडी आणि खेड्यात निम्मे पाटील. लेबलवर लिहिलेलं असतं "पाटील, मारुती मंदिराजवळ", आणि मारुती मंदिराजवळ सगळेच पाटील. मी असतो तर फोन लावत बसलो असतो, फोन लागत नाही, लागला तर उचलत नाहीत, अनोळखी नंबर म्हणून. तू नाव वाचून डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा हे पिठाच्या गिरणीवाले, ते नाहीत, ते दूधवाले. आणि जिथे तुझं पण चालेना तिथे तू डाक सेवक काकांना गाठलं, ते सायकल टेकवून आख्खी गल्ली सांगून गेले, कोणाची सून मुंबईहून आली, कोण सुरतला गेलं, कोण मेलं. कंपन्या त्या नकाशावर एवढा पैसा ओततात, काकांना निदान चहा तरी पाजायला पाहिजे कोणीतरी. तू पाजला, तुझ्या पैशाने. ते मी बघितलं होतं.

आता ती आजी. हे लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. पोरगा सुरतला, त्याने आईसाठी साडी मागवली, नंबर स्वतःचा टाकला, म्हणजे ओटीपी गेला सुरतला. आजीला गावातल्या कोणीतरी पक्कं शिकवलेलं की ओटीपी कोणाला सांगायचा नाही, सांगितला की बँकेतले पैसे जातात. बरोबरच शिकवलंय. मी दारात उभा राहून समजावून राहिलो, ती दार लावून राहिली. मी तर "रिजेक्ट" मारायला बोट उचललं होतं. तेवढ्यात तू गाडीतून उतरला, ओट्याच्या खाली उभा राहिला, वर चढला नाही, आणि तिने विचारलं, "कोना पोऱ्या शे रे तू?" तू बापाचं नाव सांगितलं, नाही पटलं. मग आईचं माहेर सांगितलं. झालं, ती म्हणे, "मंग तू त आमनाच शे!" पाणी आलं, लगेच. पण तरी तू ओटीपी मागितलाच नाही तिला, हे मला फार आवडलं. तू म्हणाला, "माय, तू काहीच सांगू नको, तुन्हा पोऱ्याले फोन लाव, तो माले सांगी." पोराने सुरतहून आकडे सांगितले, आजीने स्पीकरवर स्वतःच्या कानाने ऐकलं की पोरगाच बोलून राहिला, आणि मग साडीचं पाकीट हातात घेतलं. ओटीपीच्या बाबतीत तिला जे शिकवलं होतं ते मोडलं नाही तू. घाईत आपण सगळेच ते मोडून घेतो लोकांकडून.

आणि तो टीव्ही! परतीचा पाऊस येऊन गेलेला, डांबरीवरून मळ्याकडे जाणारा रस्ता म्हणजे निव्वळ काळी माती, गाडी घातली असती तर चाकाला एवढा चिकट गारा लागला असता की ट्रॅक्टर बोलवावा लागला असता. मी म्हटलं उद्या. तू मळ्यातल्या माणसाला फोन लावला आणि तो बैलगाडी घेऊन आला. बत्तीस इंची टीव्ही बैलगाडीत, उभा, तू एका बाजूने धरलेला आणि कासऱ्याच्या जुन्या दोराने दांड्याला बांधलेला, वरून खताची मोकळी गोणी झाकून. मागून मी चपला हातात घेऊन चिखल तुडवत. मळ्यात पोचल्यावर ओटीपी येईना, नेटवर्क नाही, तर तो शेतकरी परत बैलगाडीवर उभा राहिला आणि मोबाइल वर धरून ओरडला, "आला आला, चार सात..." त्याची पोरं खोक्याभोवती नाचून राहिली होती. ओपन बॉक्स होता, म्हणजे समोर उघडून दाखवायचा, तू पॅनलवरून आडवी बोटं फिरवून दाखवली की कुठे तडा नाही, मगच सही. त्या रात्री हबवर पोचायला उशीर झाला म्हणून बोलणी मला बसली, पण जाऊ दे.

डब्याचं राहिलंच. तुझ्या मायने दिलेली कळण्याची भाकरी आणि वर तेल घातलेला ठेचा, रोज दोन भाकरी जास्त. माझ्या घरी सांगितलं तर बायको म्हणे मग तिकडेच राहा जेवायला. मायला माझा नमस्कार सांग. तू म्हणाला होता ती दिवसाला तुझ्या दुप्पट कापूस वेचते आणि किलोवर पैसे असतात म्हणून तुला लाज वाटायची वावरात, त्यामुळे तू गाडीवर आला. तुझ्या त्या लाजेपायी का होईना, मला फायदा झाला.

एक गोष्ट मी तेव्हा बोललो नाही. तू सुरुवातीलाच म्हणाला होता, "दादा, कॅशला मी हात लावणार नाही, तू घे, तू मोज, मी फक्त पार्सल देईन." मी हसण्यावारी नेलं. नंतर दुसऱ्या एका रूटवर हिशोब कमी भरला आणि पहिला प्रश्न हेल्परलाच विचारला गेला, सिझनच्या पोराला, आणि ते पैसे नंतर ड्रायव्हरच्याच पाकिटात दुसऱ्या कप्प्यात निघाले. त्या पोराला सॉरी पण कोणी म्हटलं नाही, तो दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. तुला हे आधीच ठाऊक होतं, वीस वर्षांच्या पोराला हे ठाऊक असावं लागतं, याचं मला वाईट वाटलं.

आणि म्हणूनच हे पत्र जाहीर लिहितोय. कारण त्या सगळ्या डिलिव्हऱ्या माझ्या आयडीवर पडल्या. आजीची साडी, बैलगाडीतला टीव्ही, सगळं. रिटर्न कमी झाले तर शाबासकी मला, कस्टमरने पाच स्टार दिले ते मला, सिझनचा इन्सेंटिव्ह माझ्या खात्यात. त्यातलं तुला मी काय दिलं ते तुला माहीत आहे, इथे सांगत नाही, पण कागदावर तू कुठेच नाहीस. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार, म्हणजे पगारी नोकर नसलेले, कामागणिक पैसे मिळणारे, म्हणून आमच्यासारख्यांचं नाव कायद्यात आलं, चांगलं झालं, पण ते ज्याच्याकडे आयडी आहे त्याचं. गिग कामगाराचा हेल्पर कोणत्या रकान्यात बसतो ते शोधून दाखवा. गाडीतून उतरताना पाय मुरगळला असता तर तुला कोणी विचारलं नसतं, मीच दवाखान्यात नेलं असतं, आणि त्याला काही सोय म्हणत नाहीत.

तर आता माझं ऐक. एक, ई-श्रम कार्ड काढून घे, 2021 पासून आहे ते, असंघटित कामगारांसाठी, पैसे लागत नाहीत, आधारला मोबाइल जोडलेला असला की तुझा तूच मोबाइलवरून काढशील, बारा आकडी नंबर मिळतो. त्याने उद्याच काही हातात पडेल असं नाही, पण सरकारी वहीत तुझं नाव तरी येईल. दुसरं, लायसन. लर्निंग काढ, महिनाभराने पक्क्यासाठी ट्रायल देता येते, सहा महिन्यांच्या आत द्यायची एवढं लक्षात ठेव, नाहीतर परत पहिल्यापासून. गाडी शिकवायला मी आहे, रविवारी सकाळी ये, रस्ता मोकळा असतो.

हबवर मी बोलून ठेवलंय की पुढच्या सिझनला ह्या पोराला हेल्पर म्हणून धरू नका, त्याच्या स्वतःच्या आयडीवर रूट द्या, धरणगावची खेडी त्याला द्या, मी शहर बघतो. साहेब "बघू" म्हणाले. त्यांच्या "बघू"चा अर्थ तुला माहीत आहे, तरी पण मी मागे लागणार आहे, आणि हे पत्र पण दाखवणार आहे. दिलं नाही आणि परत हेल्परच म्हणून बोलावलं तर यायच्या आधी रोज ठरवून घे, मागच्यापेक्षा जास्त सांग, लाजू नको, ते घासाघीस करतील तेव्हा मला फोन लाव.