वीजबिलावर कार्बनची एक ओळ वाढवा की ओ! पर्यावरण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र राज्य, यांना सोलापूरहून नमस्कार.

मी इथं एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. परदेशातली गिऱ्हाइकं हल्ली मेल करतात, तुमच्या एका टॉवेलमागे कार्बन किती (म्हणजे तो बनवताना कार्बन डायऑक्साइड किती किलो हवेत जातो) ते कळवा, मग आम्ही वीजबिलं, बॉयलरचं जळण, ट्रकच्या पावत्या सगळं काढून बसतो आणि आकडा पाठवतो. टॉवेलचा कार्बन मला माहितीय, माझ्या घरचा नाही. हे लक्षात आलं ते मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळं.

मोबाईलवर घरचा कार्बन मोजणारा एक कॅल्क्युलेटर उघडला. पहिलाच प्रश्न, घर गरम ठेवायला वर्षाला किती गॅस जाळता? एप्रिल महिना, डोक्यावर पत्रा, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि हा विचारतोय घर गरम कसं ठेवता. फुकटात होतंय बाबा. पुढं पेट्रोल गॅलनमधे, जेवणात चीज किती आणि बीफ किती. भाकरीचं नावच नाही! भाताच्या खाचरात पाणी तुंबतं आणि त्यातनं मिथेन निघतो, तोही हवा तापवणारा वायू, ज्वारीला तसं पाणी लागत नाही, म्हणजे रोज भाकरी खाणाऱ्याचा हिशेब वेगळा निघायला पाहिजे ना, पण ते भरायचं कुठं? बंद केलं ते.

मग वहीच घेतली. एप्रिलचं बिल १४० युनिट. आपल्याकडं बहुतेक वीज कोळशाची, (आमच्या शेजारी फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र आहेच), त्यामुळं देशाचा सरासरी हिशेब युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड असा पडतो. म्हणजे ९८ किलो. स्कूटीला १२ लिटर पेट्रोल, लिटरला २.३ किलोच्या आसपास, झाले २८. आणि गॅसची एक टाकी, तिचे ४२ किलो.

इथं सासूबाई अडल्या. टाकीत गॅस १४.२ किलो, त्यातनं ४२ किलो कुठनं येतंय, वजनात मारतेस काय? मलाही आधी तसंच वाटलेलं. पण जळताना गॅसमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, १२ किलो कार्बनला ३२ किलो ऑक्सिजन चिकटतो, म्हणून वजन वाढतं. "म्हणजे हवेचं वजनपण आपल्याच खात्यावर?" असं म्हणून त्या आत गेल्या, पण त्या दिवसापासून डाळ भिजवल्याशिवाय कुकर लावत नाहीत.

एकूण १६८ किलो, घरात माणसं पाच, माणशी ३४ धरा. यात दूध, कपडे, एसटीचा प्रवास काहीच नाही, तरी सुरुवात म्हणून बरं आहे.

आता मुद्दा. यातलं सगळं सरकारकडं आणि गॅस कंपन्यांकडं आधीच आहे की ओ. देशातल्या विजेचा दर युनिटचा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण काढतं. बिलावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा कुणाला न कळणाऱ्या ओळी छापता, त्याखाली "या महिन्याच्या विजेचा कार्बन अंदाजे इतके किलो, मागच्या वर्षी याच महिन्यात इतके" एवढी एक ओळ छापायला काय जातंय? टाकीच्या पावतीवर ४२ आणि पंपाच्या पावतीवर लिटर गुणिले २.३. फ्रिज-एसीच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट असतातच, शेजारी किलो लिहा. बिल ऊर्जा खात्याचं आणि गॅस-पेट्रोल दिल्लीचं हे मला माहितीय, पण ऊर्जामंत्र्यांसोबत तुम्ही एकाच मंत्रिमंडळात बसता, आणि दिल्लीला पत्र लिहायला तुम्हाला कोण अडवतंय. तुमच्या खात्याच्या माझी वसुंधरा अभियानात आम्हाला हरित शपथ घ्यायला लावली, घेतली, पण शपथ पाळली का नाही हे बघायला आकडा नको का?

दोन गोष्टी मात्र सांभाळा. इथं एका मीटरवर तीन-तीन भाडेकरू असतात, तेव्हा ओळीत "मीटरवर जेवढी माणसं तेवढ्यानं भागा" असं लिहा, नाहीतर घरमालक भाडेकरूवर ढकलणार आणि भाडेकरू घरमालकावर. आणि हा आकडा कुठल्या कराला किंवा दंडाला जोडू नका, नाहीतर लोक तो बघायच्या आधीच घाबरतील. अक्षर जरा मोठं ठेवा, सासूबाईंना चष्मा लावूनही बिलावरची फक्त शेवटची रक्कम दिसते.

मेचा हिशेब मी वहीत करीनच.

आपली,
सोलापूरची एक वीजग्राहक