योगसहलीची माहिती आमच्या गावापर्यंतही येऊ द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भूमध्य समुद्राकाठच्या योगसहलींवर लेख आला आणि पाठोपाठ त्यावर एका वाचकांचं पत्रही छापून आलं. योग आपला, मग तो करायला ग्रीस-स्पेनला कशाला जायचं, पैसा उतू चाललेल्यांची ही थेरं आहेत, असा त्या पत्राचा सूर होता. मी वरुड तालुक्यातल्या एका गावात राहते. घरची संत्र्याची बाग आहे, थोडी पऱ्हाटी आणि तूर असते. सकाळी गावच्या समाजमंदिरात मी बायकांचा योगवर्ग घेते. या वर्गातल्या आम्ही चौघी पुढच्या वर्षी, २०२७च्या मे महिन्यात, ग्रीसमधल्या क्रीट बेटावर आठवडाभराच्या योगसहलीला जाण्याची तयारी करत आहोत. त्यामुळे ते पत्र आम्हाला उद्देशूनच आहे असं वाटलं आणि उत्तर द्यावंसं वाटलं.

पैसा उतू चाललेला नाही. एकीने शेळ्या पाळून गाठीला बांधलाय, एकीचं शिवणकाम आहे, एकीची भिशी लागली ती तिने मोडली नाही. माझा वाटा बागेच्या सौद्यातला आहे आणि तो मी हक्काने मागून घेतला. गावात विचारतात, "काहून वं बाई, एवढ्या दूर काहून जाता? अथीच करा ना योग!" प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर सांगते.

आमचा वर्ग पहाटे साडेपाचला भरतो. आसनं होतात, प्राणायाम होतो. शवासनाला बायका सतरंजीवर आडव्या झाल्या की कुणाचा तरी फोन वाजतो. नळ आला. म्हैस पान्हवत नाही. सासऱ्यांना चहा पाहिजे. एक उठते, की दुसरीला आठवतं, मजुरांच्या भाकरी थापायच्या आहेत. मी 'डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या' म्हणत असते आणि समोरच्या सतरंज्या अर्ध्या रिकाम्या झालेल्या असतात. सगळ्यांचं शवासन शेवटपर्यंत झालंय असं या वर्गात मी अजून पाहिलेलं नाही. मागे चिखलदऱ्याला मुक्कामाला म्हणून गेलो, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच एकीचा मुलगा मोटारसायकल घेऊन न्यायला हजर. घरी पाहुणे आले होते आणि मसाल्याचा डबा कुठे आहे ते कुणाला सापडत नव्हतं. गाडीने जिथवर येता येतं तिथवर घर आम्हाला न्यायला येतं. समुद्रापलीकडे जायचं ते एवढ्यासाठी. योग आम्हाला येतो. करायला सवड आणि केल्यावर पडून राहायला मुभा पाहिजे, आणि आठवडाभर ताट दुसऱ्या कुणी वाढलेलं पाहिजे.

राहिला प्रश्न योग आपला असण्याचा. तो परदेशात आपल्याच माणसांनी नेला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ची. त्यांचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं करून आलं. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांना व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी १९५४मध्ये स्वित्झर्लंडला नेलं आणि पुढे युरोपभर त्यांच्या पद्धतीचे शिक्षक तयार झाले. नागपुरात जनार्दनस्वामींनी विनामूल्य योग शिकवला; मला ज्यांनी शिकवलं त्या बाई त्यांच्याच मंडळात तयार झालेल्या. आपल्याकडून गेलेली विद्या दुसरीकडे कशी रुजली ते पाहायला गेलं तर त्यात कमीपणा कसला?

आता तयारीविषयी. पुरवणीतल्या लेखात पोहण्याच्या तलावाकाठचे फोटो छान होते, पण 'सुट्टीचा हंगाम' म्हणून जुलै-ऑगस्ट सांगितला होता. आमच्यासारख्यांनी तो डोळे झाकून मानू नये. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. २०२३च्या जुलैत उष्णतेमुळे अथेन्सचं अॅक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरची प्राचीन मंदिरं, भर दुपारी बंद ठेवावं लागलं होतं आणि रोड्स बेटावर वणवा लागून हजारो लोकांना हलवावं लागलं. ग्रीस आणि तुर्कस्तानमधल्या एजियन समुद्रावर त्याच दिवसांत मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा वाहतो. त्याचा जोर वाढला की बेटाबेटांतल्या बोटी रद्द होतात. तसंही आपल्याकडे जुलैत पेरणी होऊन डवरणी-निंदण चालू असतं, तेव्हा वावर सोडून कोण जाणार? सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर तिकडे सुरेख असतो, पण इथे सोयाबीन निघतं, कापूस फुटतो आणि आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या, संत्र्याचे सौदे सुरू होतात. उरतो मे. आमची बाग मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुलणारी, आहे. त्या बहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून झाडं ताणावर सोडतात, त्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात बागेत फारसं काम नसतं. २०२७मध्ये तिकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचा ईस्टर २ मेला आहे. ग्रीसमध्ये तो वर्षातला सगळ्यात मोठा सण. माणसं आपापल्या गावी, बेटांवर जातात आणि विमानं, बोटी भरून जातात. म्हणून आम्ही त्यानंतरचा शनिवार, ८ मे धरला आहे. अशा सहली बहुतेक शनिवार ते शनिवार असतात. मेमध्ये समुद्राचं पाणी गार असतं म्हणतात, पण आमच्यातल्या कुणालाच पोहता येत नाही, पाय बुडवले तरी पुष्कळ झालं.

सगळ्यात जास्त दमवलं ते कागदपत्रांनी, आणि त्याबद्दल लेखात एक ओळही नव्हती. ग्रीस, इटली, स्पेनला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मोठ्या माणसाला शुल्क ९० युरो, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या वरच, त्यावर सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तर हे पैसे परत मिळत नाहीत. किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा काढावा लागतो. इथपर्यंत ठीक. पण उत्पन्नाचा पुरावा म्हटलं की पहिल्यांदा आयकर विवरणपत्र मागतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग शेतकऱ्याच्या घरात ते विवरणपत्र येणार कुठून? त्यात आमच्याकडे व्यापारी झाडावरचा माल उक्ता घेतो आणि बरेचदा रोख मोजतो. खात्यात काहीच दिसत नाही. अर्जाच्या तोंडावर एकदम मोठी रक्कम भरली तर तीही शंकास्पद दिसते. म्हणून यंदा व्यापाऱ्याला आम्ही सौद्याच्या वेळीच सांगून टाकलं, पैसे बँकेतच पाहिजेत. सातबारा, आठ-अ, विक्रीच्या पावत्या, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हे सगळं जोडतो आहोत. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागतं, त्याचा वेळ आणि खर्च आधीच धरावा.

इथे मला एक गोष्ट मुद्दाम लिहायची आहे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेच्या काळात विदर्भातल्या कितीतरी गावांत बायकांची नावं सातबाऱ्यावर लागली. माझंही तेव्हाच लागलं. सासूबाईंनी आग्रह धरला होता. त्या वेळी मला त्याचं महत्त्व फारसं जाणवलं नव्हतं. पीककर्ज, वीजजोडणी सगळं ह्यांच्याच नावावर चालायचं. आज माझ्या अर्जात माझ्या नावाने जोडता येईल असा सगळ्यात वजनदार कागद तोच आहे. बाकी तिघींना नवऱ्याचं किंवा मुलाचं हमीपत्र जोडावं लागतंय. व्हिसा देणाऱ्याला आपलं परत येण्याचं कारण म्हणून स्वतःच्या नावावरची जमीन दाखवता येणं ही साधी गोष्ट नाही.

दुसरी अडचण बोटांची. अर्जाच्या वेळी दहाही बोटांचे ठसे घेतात. आमच्यातल्या एकीने जन्मभर निंदण केलं, कापूस वेचला. तिच्या बोटांच्या रेषा इतक्या पुसट झाल्यात की रेशन दुकानाच्या यंत्रावरही अंगठा उमटत नाही. ठसे द्यायच्या आधी काही दिवस तिने वेचणीला जायचं नाही, रोज रात्री हाताला खोबरेल लावायचं, असं आम्ही ठरवलं आहे. तिने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात पदराखाली घेतले. तिचा व्हिसा आला पाहिजे, असं मला माझ्या व्हिसापेक्षाही जास्त वाटतं.

पासपोर्टवरच्या नावाचंही बघावं. माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं आधारवर आणि बँकेत तिसरंच, असं आपल्याकडे सर्रास असतं. हे आधी निस्तरावं, मग पासपोर्टसाठी नागपूरची वाट धरावी.

खाण्याची भीती सगळ्यांना असते. आमच्यातली एक माळकरी आहे, म्हणून मी नीट चौकशी केली. ग्रीक लोक ईस्टरच्या आधी आणि वर्षात इतरही वेळी उपास धरतात. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध वर्ज्य. त्या जेवणाला ते निस्तिसिमा म्हणतात आणि एरवीही खाणावळीत ते मागता येतं. मात्र माकूल, कोळंबी असे समुद्रातले जीव त्यांना उपासाला चालते, तेव्हा तेवढं स्पष्ट विचारावं. डाळी-कडधान्यं भरपूर. सिफनोस बेटावर हरभरे मातीच्या भांड्यात घालून रात्रभर भट्टीत शिजवतात. सँटोरिनी बेटावरचा फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर ऑलिव्हचं तेल आणि कांदा; ती डाळ आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या लाखोळीच्या कुळातली. क्रीटच्या बायका रानभाज्या खुडून आणतात, उकडतात आणि तेल-लिंबू घालून वाढतात. आणि आपण निंदताना उपटून धुऱ्यावर टाकतो ती घोळ तिकडे कच्ची सॅलडमध्ये घालतात, हे कळलं तेव्हा वर्गात एकच हशा पिकला. तिखट मात्र नसतंच. ठेचा सोबत नेणार आहोत, कोरडा.

क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावर, लिबियन समुद्राकडे तोंड करून, आयिओस पाव्लोस आणि त्रिओपेत्रा ही छोटी ठिकाणं आहेत. योगसहलींसाठी ती बऱ्याच वर्षांपासून माहितीची आहेत. मोठी शहरं, मोठी हॉटेलं लांब. आम्हाला तसंच हवं होतं. पण क्रीटमधल्या हेराक्लिओन शहराच्या विमानतळावरून तिथपर्यंत डोंगरातला वळणावळणाचा रस्ता आहे, त्यामुळे न्यायला-आणायला गाडी देणार का, हे लेखी विचारलं. खोलीपर्यंत किती पायऱ्या, हेही विचारलं, कारण दोघींचे गुडघे दुखतात. शिक्षक कोण, कुठे शिकले, हे विचारायला आपली माणसं लाजतात. लाजू नये. दोनशे तासांचा अभ्यासक्रम करून प्रमाणपत्र मिळतं. कुणी त्यावर थांबतं, कुणी त्यानंतर वर्षानुवर्षं शिकत राहतं. रक्तदाब असलेल्या बाईला शीर्षासनाऐवजी काय देणार, एवढा एक प्रश्न विचारला तरी उत्तरावरून माणूस कळतो. एका ठिकाणाहून उत्तर आलं, आमच्याकडे सगळे सगळं करतात. ते ठिकाण आम्ही सोडून दिलं. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी उलट आमच्याच प्रत्येकीच्या दुखण्यांची यादी मागवली. आमचं आरक्षण त्यांच्याकडे आहे. व्हिसा नाकारला गेला तर आगाऊ रकमेतलं किती परत देणार, हेही त्यांनी पत्रात लिहून दिलं आहे.

संपादक महोदय, आपली पुरवणी आमच्या गावात दुपारच्या एसटीने येते आणि पारावर, दुकानात, शाळेत फिरत फिरत संध्याकाळपर्यंत माझ्या घरी पोचते. तिच्यात परदेशच्या सहलींबद्दल जरूर लिहा. पण लिहिताना शेतकरी कुटुंबाने उत्पन्न कसं दाखवायचं, पेरणी आणि काढणी सांभाळून कोणता महिना धरायचा, माळकरी माणसाने काय मागून खायचं, हेही लिहा. दर छापताना विमानभाडं, व्हिसा, विमा आणि एकटीने खोली घेतल्यास लागणारी जादा रक्कम मिळवून पूर्ण खर्चाचा आकडा द्या, म्हणजे बाईला घरात बोलताना तो ठामपणे सांगता येईल. आमचा अर्ज नोव्हेंबरात जाईल. तोवर तालुक्यातल्या कुणा बहिणीला आम्ही जमवलेल्या कागदांची यादी पाहायची असेल, तर तिच्या छायाप्रती काढून ठेवल्या आहेत. आपल्या कार्यालयाकडे पाठवते, मागेल तिला द्याव्यात.

आपली,
एक संत्राउत्पादक वाचक
वरुड तालुका, जि. अमरावती