मी बुधवारचा की गुरुवारचा?

कुमासी, घाना
रविवार

प्रिय नंदू,

तुझं पत्र मिळालं. 'तिकडे आफ्रिकन भाषाच बोलतात ना रे?' हे वाचून हसलो आणि लगेच ओशाळलो. निघताना मीही हेच विचारत होतो.

इथली भाषा अकान. पण कुमासीत तिला अकान म्हणताना कुणी दिसत नाही, ट्वी म्हणतात; उच्चार 'च्वी'सारखा. बोली निरनिराळ्या: आमची असांटे ट्वी, अक्रोपाँगकडे अक्वापेम, केप कोस्टच्या किनाऱ्याला फांटी. एकमेकांचं बोलणं कळतं, पण फांटी माणसाला 'तू ट्वी बोलतोस' म्हणून बघ! पूर्व आयव्हरी कोस्टमध्येही अकानची एक बोली आहे. राजधानी अक्राची मूळ भाषा गा, तरी तिथल्या बाजारात ट्वीवर भागतं.

अक्वापेम ट्वीत बायबल आलं 1871 साली, ख्रिस्टालर नावाच्या बासेल मिशनच्या पाद्र्यामुळे. त्याचा जाडजूड शब्दकोश 1881चा. हे तेच बासेल मिशन, ज्याने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. तुमच्या वाड्यावरची मंगलोरी कौलं आठवली बघ.

शब्द पाठ होतात, सूर गोत्यात आणतो. 'पापा' म्हणजे चांगलं, बापही, आणि ताडाच्या पानाचा पंखाही. फरक फक्त चढउताराचा. केजेटिया बाजारात टोमॅटोवालीला 'छान आहेत' म्हणायला गेलो, ती पदर नसतानाही तोंडावर हात घेऊन हसत सुटली. काय बोललो देव जाणे, पण दोन टोमॅटो वर घातले तिने.

मग तिने विचारलं, कुठल्या वारी जन्मलास? इथे वारावरून नाव मिळतं. शनिवारचा क्वामे, शुक्रवारचा कोफी. संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस झालेला कोफी अन्नान 8 एप्रिल 1938चा, तो शुक्रवारच; जुळ्या बहिणीचं नाव एफुआ, तेही शुक्रवारचंच. आपल्याकडचे सोम्या, मंगळ्या, बुध्या काय वेगळे आहेत? गुलामांच्या जहाजांतून ही नावं जमैकालाही पोचली. तिथल्या 'मरून' लोकांचा, म्हणजे पळून गेलेल्या गुलामांचा, पुढारी कजो म्हणजे मुळातला क्वाजो, सोमवारचा.

आईला फोन लावला. 'बुधवारी झालास, पहाटे तीनला.' म्हणजे घड्याळाने गुरुवार! आईचा वार सूर्य उगवल्याशिवाय बदलत नाही. बुधवारचा क्वाकू, गुरुवारचा याव. आमच्या वॉचमनला सगळं सांगितलं, तर त्याने शांतपणे विचारलं, 'आई जागी होती ना?' तेव्हापासून तो मला क्वाकू म्हणतो.

तुझा वार काकूंना विचारून कळव. वेळेसकट.

तुझा,
क्वाकू (तूर्तास)