रानद्राक्षं ओळखताना आधी बाळी बघा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या रानद्राक्षांवर आलेलं वाचलं, मस्त होतं, पण सोबतचा फोटो द्राक्षाचा नाहीच! एका देठाला हाताच्या बोटांसारखी पाच पानं दिसतायत, म्हणजे ती व्हर्जिनिया क्रीपर, तिची निळी फळं खायची नसतात. मी मूळची निफाडची, वडिलांची द्राक्षबाग होती, आता न्यू जर्सीत राहते आणि सप्टेंबरात इथली कुंपणं रानवेलींनी लगडलेली असतात, म्हणून राहवलं नाही.

इथली फॉक्स ग्रेप ओळखायची तर पान उलटं करा, खालून घोंगडीसारखी दाट पांढरट नाहीतर तांबूस लव असते. मग बाळी बघा, म्हणजे वेल आधाराला धरते तो गुंडाळणारा तंतू. आपल्याकडे घडाच्या जागी बाळीच निघाली की घड बाळीत गेला म्हणतात ना, तीच बाळी, पानाच्या समोरून निघणारी. इथल्या बाकी रानद्राक्षांना सहसा दोन पेरांवर बाळी आणि तिसरं पेर रिकामं असतं, फॉक्स ग्रेपला मात्र सलग तीन-चार पेरांवर येत जाते. मणी मोठा, दाबला की साल हातात आणि गर बाहेर, बंगलोर ब्लू द्राक्षं खाल्लेल्यांना लगेच कळेल, त्या द्राक्षांत याच जातीचा अंश आहे. (आपल्या बागांतला डॉगरिज खुंट, ज्यावर द्राक्षाचं कलम करतात, तो पण टेक्सासच्या रानवेलीतूनच निवडलेला बरं का.) दुसरी रायपेरिया, नदीकाठची, तिचं पान खालून हिरवंच, लव फक्त शिरांवर, कडेचे दात लांब टोकदार, मणी बारीक आणि आंबटढाण.

खरी भीती मूनसीड नावाच्या वेलीची. आपल्या गुळवेलीच्या कुळातली, पण विषारी, आणि घड लांबून थेट द्राक्षासारखे! हिला बाळी नसते, वेल स्वतःच वळसे घेत चढते, पानाच्या कडेला दातही नाहीत. तरी शंका आली तर मणी फोडा, द्राक्षात एका टोकाला निमुळत्या दोन-चार बिया निघतात, मूनसीडमध्ये एकच, चपटी, चंद्रकोरीसारखी. नुसत्या पानाच्या आकारावर जाऊ नका, एकाच द्राक्षवेलीवर खोल कापलेली आणि अख्खी अशी दोन्ही पानं मिळतात, मी स्वतः फसलेय.

तेव्हा पुढच्या रविवारी फोटो बदलून छापा, जमलं तर शेजारी मूनसीडच्या बीचा पण टाका. इथे नातवंडांना घेऊन फिरायला जाणारे बरेच आजी-आजोबा तुमचा पेपर मोबाइलवर वाचतात.

– एक वाचक, न्यू जर्सी