पंख गळणारा ड्रॅगन

पुणे,
५ ऑगस्ट

प्रिय सुध्या,

पत्र मिळालं, फोटोही बघितला. तुझ्या त्या छोट्या प्लास्टिकच्या मॉडेल-ड्रॅगनचा पंख तीनदा चिकटवलास आणि तिन्ही वेळा गळून पडला, म्हणून सगळा राग सुपरग्लूवर काढलायस. पण त्या बिचाऱ्याचा काय दोष? सरळ ओढलं तर तो बऱ्यापैकी धरून ठेवतो. आडवा धक्का बसला की कट्‌कन तुटतो, कारण वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो. तुझा पंख बोटभर लांब आणि सांधा हरभऱ्याच्या डाळीएवढा! टोकाला नुसता हात लागला तरी सगळा जोर मुळाशी येणार. तिथे दोन्ही भागांत भोकं पाडून आत तारच हवी.

पण आधी प्लास्टिक कुठलं ते बघ. ज्या चौकटीतून भाग कापून काढलेस तिचा तुकडा पाण्यात टाक. बुडला आणि फरशीवर टाकल्यावर टणटण वाजला, तर पॉलिस्टायरिन. त्याला सुपरग्लू नव्हे, मॉडेलवाल्यांचं प्लास्टिक सिमेंट लावायचं. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकमेकांत मिसळवतं, म्हणजे जवळजवळ वेल्डिंगच. मात्र रंगावर आणि जुन्या सुपरग्लूवर ते चालत नाही, तेव्हा सांधा खरवडून कोरं प्लास्टिक दिसू दे. तुकडा तरंगला तर पॉलिथिन, आपल्या लहानपणीच्या त्या मऊ हिरव्या सैनिकांचं. त्याला साधा गोंद धरतच नाही. तिथे भोक तारेपेक्षा किंचित बारीक पाडायचं आणि तार दाबून बसवायची. ते प्लास्टिकच तिला आवळून धरतं.

तारेचं म्हणशील तर सुरुवात मी पेपरक्लिपनेच केली. जाडी साधारण १ मिमी, तुझ्या पंखाला पुरेशी. पण लोखंड पाण्याच्या रंगाखाली गंजतं, आणि कापताना माझ्या चांगल्या कटरच्या धारेला खाच पडली. (त्याचं दुःख अजून आहे.) आता पितळी तारच वापरतो. मनगटासारख्या नाजूक जागी ०.५ मिमी. अवयवाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जाड तार घालू नये, हा माझा अंदाजपंचे नियम.

हातड्रिल सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानात मिळेल. त्यात बसवायची टोकं, म्हणजे बिटं, मी पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणली, सर्किट बोर्डाला (पीसीबीला) भोकं पाडायची, ०.८ आणि १ मिमीची. त्यांतली कार्बाइडची घेऊ नकोस, हात जरा तिरका झाला की मोडतात. साधी हायस्पीड स्टीलची घे. विजेचं ड्रिल तर लावूच नकोस, प्लास्टिक वितळून बिटाला गुंडाळतं. सुरीच्या टोकाने आधी खळगा कर, मग चिमटीत सावकाश फिरव, मधेमधे बाहेर काढून चुरा झटक. बिटाला ४ मिमीवर चिकटपट्टीची खूण कर, म्हणजे पाठीतून घुसलेलं छातीतून बाहेर येणार नाही. माझ्या एका घोडेस्वाराच्या कोपरातून आलं होतं. पुटी भरून वर चिलखत रंगवलं, अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

खरी गोम दोन भोकं समोरासमोर आणण्यात आहे. एका भागावर ओल्या रंगाचा टिकलीएवढाही नको, मोहरीएवढा ठिपका दे, भाग जुळवून दाब, दुसरीकडे ठसा उमटेल. पण ठिपका जागा सांगतो, दिशा नाही. म्हणून भोक पाडताना समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघत राहा. एवढं करूनही चुकतंच. मग एका बाजूचं भोक मोठं करायचं, त्यात दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद भरायचा आणि तार हवी तशी वाकवून, आधार देऊन, रात्रभर ठेवून द्यायचं. हा उपाय आधी कोणी सांगितला असता तर माझे निम्मे सैनिक वाकडे झाले नसते.

तार दोन्ही भोकांच्या एकूण खोलीपेक्षा किंचित आखूड काप आणि कानशीने जरा खरबरीत कर. सिमेंट धातूला चिकटत नाही. म्हणून तारेला सुपरग्लू आणि भोवतीच्या प्लास्टिकला सिमेंट. थेंब अगदी लहान घे. भोक एका बाजूने बंद असतं, जास्तीचा गोंद उलटा वर येतो आणि बोट ड्रॅगनला चिकटतं. सध्या पावसाळा आहे हेही ध्यानात ठेव. सुपरग्लू हवेतल्या दमटपणाने वाळतो, या दिवसांत फार घाई करतो आणि भोवती पांढुरकी बुरशीसारखी झाक सोडतो. तार आधी कोरडी घालून बघितल्याशिवाय बाटली उघडूच नकोस.

आणि हो, पायाच्या तळव्यातही एक तार घाल, पण लांब ठेव. रंगवताना ती बाटलीच्या बुचात खोच, मूर्तीला हात न लावता फिरवता येते. नंतर कापून तीच तळाच्या चकतीत बसव.

पंख बसला की फोटो पाठव. बिटं मोडली तर कळव, माझ्याकडे दोन जादा आहेत. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विन्या