मनू, रजिस्टर तुझ्या हातात देण्याआधी

प्रिय मनू,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला काही झोप लागली नाही. तू म्हणालीस, बाबा यावर्षी तू घरी बस, गुडघ्याला आराम दे, पुळणीवर कासवांच्या घरट्यांची रात्रीची गस्त मी घालते, आणि फक्त यावर्षी नाही, एमएस्सी झाली, आता मला इथेच येऊन हेच काम करायचंय. आई तर लगेच रडायलाच लागली, आनंदाने की काळजीने ते तिलाच माहीत. मी नुसतं "बघू" म्हणालो ते तुला लागलं असेल. फोनवर मला बोलायला जमत नाही गो, म्हणून आज दुपारी जेवण झाल्यावर हे लिहायला बसलोय, मोबाईलवर टाइप करतोय, चुका असतील तर समजून घे.

तू ये. आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. पण येण्याआधी तुला एक गोष्ट माहीत असायला हवी जी मी चौदा वर्षं सांगितली नाही.

तुला आठवतं का, तू लहान असताना तुला झोपेतून उठवून पुळणीवर न्यायचो? आई ओरडायची, पोरीला थंडी लागेल म्हणून, आणि तू माझी कानटोपी घालून, एका हातात लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन माझ्यापुढे चालायचीस. चार वर्षांची असशील तेव्हा पहिली कासवीण बघितलीस. मी तुझ्या तोंडावर हात ठेवला होता ओरडू नये म्हणून, पण तू श्वास सुद्धा घेत नव्हतीस. तिने मागच्या पायांनी खड्डा काढला, दीड फुटाचा, वर गळा अरुंद आणि खाली पोट मोठं, सुरईसारखा, इतका नीट की माणसाला हाताने जमणार नाही, आणि मग अंडी, एकेक, दोन दोन. नंतर वाळू लोटून ती पोटाने थोपटायला लागली, थप थप थप, तेव्हा तू माझ्या कानात म्हणालीस, बाबा ती बाळांना झोपवते. मी आजही तो आवाज ऐकला की मला तेच वाक्य ऐकू येतं.

बाकी पोरांची लहानपणं वेगळी असतात. तुझ्या वहीत कोल्ह्याच्या पावलांची चित्रं, घरात टेबलाखाली टोपल्या, शिमग्यात पालखी नाचत असताना आपण दोघं हॅचरीवर, म्हणजे अंडी आणून पुरतो त्या जाळीच्या कुंपणात, कारण पिल्लं बाहेर यायची वेळ आणि शिमगा बरोबर एकाच सुमाराला. तुला कधी वाईट वाटलं का ते मी विचारलंच नाही. पालखी घरी यायची तेव्हा तेवढे पळत यायचो, नारळ द्यायचो, आणि परत जाळीजवळ.

आणि तात्यांचं तुला अर्धंच माहीत आहे. तुझे आजोबा कासवांचे फार जाणकार होते असं तू कॉलेजच्या भाषणात सांगितलंस, ते खरंच आहे, पण ती जाण कशातून आली? ते अंडी काढायचे. सगळा गाव काढायचा. वाळूत कासविणीचा माग दिसला की काठी टोचत जायचं, जिथे काठी सुळकन आत गेली तिथे खणायचं, शंभर सव्वाशे अंडी एका फेरीत, काही घरात, काही विकायला. आणि त्याच लोकांनी सकाळी देवळात जाताना गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून नमस्कार करायचा. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही, मी पण खाल्लीत ती अंडी लहानपणी.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांची माणसं समुद्री गरुडांच्या सर्व्हेला किनाऱ्याने फिरत होती आणि वेळासला त्यांना अंड्यांची टरफलं दिसली, तिथून हे सगळं सुरू झालं. मग एकेका गावात माणसं यायला लागली, मीटिंगा व्हायला लागल्या. आपल्याकडे मी उभा राहिलो २००४ ला, ते सुद्धा मोठ्या विचाराने वगैरे नाही, सीझनमध्ये काम नव्हतं आणि थोडंफार मानधन मिळणार होतं म्हणून. तात्या पहिला महिना माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस पहाटे मी माग हुडकत वेड्यासारखा फिरत होतो, येतानाचा कुठला आणि जातानाचा कुठला तेच कळेना, तर मागून येऊन म्हणाले, वाळू कुठल्या बाजूला फेकली गेलीय ते बघ. एवढंच. तिथून पुढे आठ वर्षं ते माझ्याबरोबर चालले. ज्या काठीने अंडी काढली त्याच काठीने घरटी दाखवली. ती काठी अजून माळ्यावर आहे, तुला हवी तर घे.

आता मुद्द्याचं.

२०१२ चा फेब्रुवारी. तू नऊ वर्षांची, चौथीत होतीस. मी आदल्या रात्री पलीकडच्या गावात लग्नाला गेलो होतो, रात्री गस्त झाली नाही, पहाटे घरी आलो आणि झोपलो. उठलो तेव्हा ऊन वर आलं होतं. तात्या तापाने पडून होते, तेही गेले नव्हते. मी पुळणीवर पोचलो दुपारी तीनला, आणि उत्तरेच्या टोकाला, सुरूच्या बनाच्या खाली, माग. माग बघून कळत होतं की मध्यरात्रीनंतर लगेच आलेली आहे. म्हणजे चौदा पंधरा तास झालेले. घरटं भरतीच्या रेषेच्या खाली, दोन दिवसांवर अमावस्या, उधाणात वाहून गेलंच असतं.

तुला आता हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण तरी लिहितो. अंडी हलवायची तर घातल्यावर पहिल्या काही तासांत हलवायची. नंतर आतला जीव कवचाला वरच्या बाजूने चिकटतो, आणि मग अंडं फिरलं, उलटं झालं की तो मरतो. उशीर झालाच असेल तर प्रत्येक अंडं जसं आहे तसंच उचलायचं, वरची बाजू वर, बादलीत वाळू घालून, हळूहळू चालत न्यायचं. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, नाही शिकवलं असं नाही. मला माहीत होतं. पण मी झोपलो होतो याची लाज, कुणी बघेल याची घाई, आणि मी ती अंडी सिमेंटच्या रिकाम्या गोणीत भरली आणि बाईकवर पुढे ठेवून दगडाधोंड्यातून हॅचरीपर्यंत आणली. एकशे अठरा अंडी. खड्ड्यात घातली, पाटी लावली, तारीख टाकली, आणि कुणाला काही बोललो नाही.

आणि नेमकं ते घरटं तू स्वतःचं म्हणून धरलंस. त्या पाटीवर तू स्केचपेनने फूल काढलं होतंस. पंचेचाळीस दिवस झाल्यावर आपण टोपली उपडी घालतो, तर तू सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला रोज जाऊन टोपली उचलून बघायचीस, शाळेचा गृहपाठ तिथेच वाळूत बसून करायचीस. पन्नास झाले, पंचावन्न झाले, साठ झाले. नऊ पिल्लं आली. मग घरटं उघडलं आणि तो वास, आणि आत सगळी तशीच अंडी, पिवळं बलक. तू काही खाल्लं नाहीस त्या दिवशी. रात्री मला विचारलंस, बाबा का मेली? आणि मी म्हणालो, ऊन फार झालं गो यावर्षी, वाळू तापली.

खोटं बोललो.

पुढच्या सीझनला तू गावभर फिरून झावळ्या गोळा केल्यास आणि हॅचरीवर मांडव घातलास. दहा वर्षांची पोर! मग दरवर्षी. मग तुला थर्मामीटर हवा झाला, मग वाळूत किती खोल किती तापमान ते वहीत लिहायला लागलीस, मग बारावीला म्हणालीस की मला हेच शिकायचंय, आणि गोव्याला गेलीस, आणि तुझा प्रोजेक्टचा विषय काय तर वाळूचं तापमान आणि पिल्लांचं नर-मादी ठरणं. तू मला फोनवर समजावून सांगत होतीस, बाबा घरट्याच्या ऊबेवर ठरतं, साधारण तीस डिग्रीच्या वर गेलं की माद्याच जास्त, त्याच्याही खूप वर गेलं की अंडीच मरतात. मी हो हो करत होतो आणि माझ्या पोटात गोळा येत होता. तुझ्या सगळ्या शिक्षणाच्या मुळाशी माझी एक थाप आहे, मनू. तो विषय खरा आहे, महत्त्वाचा आहे, आता ऊन खरंच तसं वाढलंय आणि तुझ्या झावळ्यांनी किती घरटी वाचली असतील, पण ते घरटं उन्हाने मेलेलं नव्हतं. ते मी मारलं.

इतकी वर्षं का नाही बोललो? आधी तू लहान होतीस म्हणून, मग तात्या गेले आणि घरात सगळंच गप्प झालं म्हणून, मग पेपरात आपल्याबद्दल छापून आलं म्हणून. कारणं निघत राहिली. आता घरट्यांच्या नोंदींचं रजिस्टर तुझ्या हातात येणार आणि त्यात त्या घरट्यासमोर माझ्या अक्षरात "उष्णता" लिहिलंय, आणि तू तेच आकडे तुझ्या तक्त्यात धरले असशील, म्हणून आता गप्प बसणं म्हणजे तुलाही खोट्यात ओढणं.

आणि म्हणूनच दुसरी गोष्ट. मागच्या वर्षी तू म्हणालीस ना, की घरटं सुरक्षित जागी असेल तर हलवूच नये, जागेवरच जाळीचा पिंजरा लावावा, आणि मी चिडलो होतो, वीस वर्षं आम्ही काय मूर्खपणा केला का असं काहीतरी बोललो होतो. तुला वाटलं असेल बाबा हट्टी आहे. मी हट्टी नव्हतो, मला त्या गोणीची आठवण आली होती. तुझंच बरोबर आहे. कासवीण जागा उगाच निवडत नाही. आम्ही सुरुवात केली तेव्हा माणसांचीच भीती होती, म्हणून सगळंच उचलून हॅचरीत आणणं भाग होतं. आता गावात कुणी अंड्यांना हात लावत नाही, उलट रात्री माग दिसला तर पोरं फोन करतात. कुत्री आणि कोल्हे आहेत, पिंजऱ्याने भागेल. जे घरटं उधाणात जाणार तेवढंच हलव, आणि ते पहाटेच्या आत. तू तुझ्या पद्धतीने कर, मला विचारत बसू नकोस.

काय काय बदललंय ते तुला फोनवर दिसत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात सुरू पडले तेव्हा तू होतीस घरी, आपण दोघांनी खिडकीला पलंग लावून धरला होता. ते सुरू परत आलेच नाहीत तसे. उत्तरेच्या टोकाला पुळण दरवर्षी खाली खाली जातेय, आणि धूप थांबवायला दगडाचा बंधारा घालायची भाषा चाललीय. माणसांची घरं, बागा वाचायला हव्यात, मला कळतं, पण दगड पडले की तिथे कासवीण चढणार कुठून? याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुला ग्रामसभेत उभं राहून बोलावं लागेल, ते गस्तीपेक्षा अवघड आहे. नवीन रिसॉर्टचे दिवे रात्रभर चालू असतात, पिल्लं पाण्याकडे जायची ती दिव्यांकडे वळतात. मी दोनदा जाऊन सांगितलं, तेवढ्यापुरते बंद करतात. आणि सीझन पुढे सरकलाय. पूर्वी आपल्याकडे नोव्हेंबरात पहिलं घरटं लागायचं, आता डिसेंबर संपत आला तरी पुळण कोरी आहे, म्हणजे बरीचशी पिल्लं एप्रिल-मेच्या उन्हात येणार.

तरी मन लागतं या कामात. जानेवारी २०२२ ला वेळासला प्रथमा नावाच्या कासविणीच्या पाठीवर, ती कुठे जाते ते कळावं म्हणून, ट्रान्समीटर बसवला तेव्हा आपण दोघं रोज तो नकाशा बघायचो, आठवतं? आई म्हणायची घरातल्या लेकीची एवढी चौकशी करत नाही हा माणूस. आणि जानेवारी २०२५ ला गुहागरला आलेली ती टॅगवाली, म्हणजे नंबरचा बिल्ला लावलेली कासवीण, ०३२३३, ओडिशाला गहिरमाथ्याला २०२१ मध्ये टॅग लावलेला आणि इतक्या लांबून, साडेतीन हजार किलोमीटरचा वळसा घालून इथे अंडी घालायला आली. मी तो नंबर रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, आपल्या पुळणीवरची नसली तरी. तात्या असते तर म्हणाले असते, मग तिकडच्या आणि इकडच्या वेगळ्या कशाला मोजता.

पैशाचं बोलायला हवं. मानधन सीझनपुरतं आणि तेही उशिरा येतं, त्याच्यावर घर चालत नाही, आपलं चाललं ते आईच्या खानावळीवर आणि सुपारीवर, आणि निसर्गने अर्धी सुपारी नेली. पाहुणे येतात कासवं बघायला, वेळाससारखे नाहीत पण येतात, दोन खोल्या आहेत. तुला पीएचडी करायची असेल तर कर, इथे राहून करता येत असेल तर तशी, नसेल तर जा. माझ्यासाठी म्हणून थांबलीस तर मला ते आवडणार नाही. मी तात्यांसाठी केलं नाही, तात्यांनी माझ्यासाठी केलं नाही.

आज सकाळी मी रजिस्टर काढलं. २०१२ चं, निळ्या कव्हरचं. "उष्णता" वर एक रेघ मारली, खोडलं नाही, वाचता यायला हवं, आणि खाली लिहिलं, अंडी उशिरा व चुकीच्या रीतीने हलवल्यामुळे. सही केली, आजची तारीख टाकली. तुझ्या तक्त्यातून ते घरटं काढून टाक किंवा काय करायचं ते कर. रागावलीस तर रागाव, पण फोन बंद ठेवू नकोस, आईला घोर लागतो.

खेडला उतरलीस की कळव, दापोलीला काका रिक्षा घेऊन येईल. येताना बॅटरीचे सेल आण, इथे मिळतात ते दोन रात्रीत संपतात. आणि पिंजऱ्यासाठी कुठल्या मापाची जाळी लागते ते मेसेज कर, शुक्रवारी मी दापोलीला डॉक्टरकडे जाणारच आहे, तिथूनच घेऊन ठेवतो.

तुझे,
बाबा