काड्या दिसतात, पण नेट हलत नाही: उपाय इमारतीच्या आत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मिरजेतले दवाखाने असोत, सांगलीच्या मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे सौदे असोत की कुपवाड एमआयडीसीतली शेड, तक्रार एकच ऐकू येते. फोनवर रेंजच्या काड्या दिसतात, पण नेट हलत नाही. मग आणखी एका टॉवरची मागणी होते. टॉवर वाढल्याने रस्त्यावरच्या माणसाची सोय होईल, भिंतीआडच्या माणसाची फारशी होणार नाही. म्हणून हे पत्र.

रेंज वेगळी आणि क्षमता वेगळी. टॉवरच्या एका सेक्टरला (टॉवरने एका दिशेला सांभाळलेल्या भागाला) फोर-जीसाठी २० मेगाहर्ट्झ रुंदीचा लहरींचा पट्टा मिळाला, तर दोन अँटेनांच्या जोडीवर कागदावरचा वेग सेकंदाला १५० मेगाबिट येतो. तो एका फोनचा नसतो; त्या क्षणी सेक्टरमध्ये नेट वापरणाऱ्या सगळ्यांना मिळून असतो आणि त्या पट्ट्याच्या १०० तुकड्यांत वाटला जातो. खिडकीपाशी उभ्या असलेल्या फोनला एका वेळी ६ बिट पाठवता येतात. आतल्या खोलीत सिग्नल थकून पोहोचतो, तिथे २ बिटच जातात आणि चुका दुरुस्त करण्यात त्यातलेही बरेच खर्ची पडतात. एकच व्हिडिओ आतल्या फोनपर्यंत न्यायला टॉवरला कितीतरी जास्त तुकडे मोजावे लागतात. आतल्या मोजक्या फोनांमुळे बाहेरच्या सगळ्यांचे नेट मंदावते, ते असे.

काँक्रीटची भिंत सिग्नल साधारण १० ते २० डेसिबलने खाते, म्हणजे दहावा ते शंभरावा हिस्सा उरतो. फाइव्ह-जीचा ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपुढे ९०० मेगाहर्ट्झपेक्षा लवकर हार मानतो. आपल्याकडच्या कोल्ड स्टोरेजचे तर विचारूच नका. त्याच्या भिंतींच्या पफ पॅनेलला (फोम भरलेल्या फळ्यांना) दोन्ही बाजूंनी पत्रा असतो. दार लावले की तो पत्र्याचा बंद डबाच.

उपाय म्हणजे छोटा इनडोअर सेल, म्हणजे इमारतीच्या आतला चिमुकला टॉवरच. वायफायच्या डब्याएवढा, छताला लावायचा, १०० ते २५० मिलीवॅट शक्तीचा. टॉवरवरच्या सेक्टरची शक्ती २० ते ४० वॅट असते. त्याच लहरी इमारतीत पुन्हा वापरता येतात, कारण भिंतच त्यांना आत अडवून ठेवते. आतले फोन या सेलवर गेले की टॉवरचे तुकडे रस्त्यासाठी मोकळे होतात. आतल्यांबरोबर बाहेरच्यांचाही यात फायदा आहे, आणि हीच गोष्ट सोसायट्यांच्या बैठकांत कुणी सांगत नाही.

मोबाईलच्या किरणांची भीती घालणाऱ्यांसाठी एक मुद्दा. सिग्नल कमजोर असला की आपला फोनच शक्ती वाढवतो, २०० मिलीवॅटपर्यंत, आणि तो कानाला लावलेला असतो. सेल जवळ आला की फोनची शक्ती खाली येते.

बाजारात मिळणारे बूस्टर मात्र कृपया घेऊ नका. परवानाधारक दूरसंचार कंपनीखेरीज कुणीही ते बसवणे बेकायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी बूस्टर नवी क्षमता आणत नाही, आलेला सिग्नल मोठा करून पुढे ढकलतो आणि त्याबरोबरचा गोंगाटही. गच्चीवरची आणि खोलीतली अँटेना एकमेकींपासून पुरेशा आडोशाला नसतील, तर तो माइकच्या शिट्टीसारखा स्वतःलाच ऐकू लागतो आणि आख्खा सेक्टर बिघडवतो.

छोट्या सेलच्या कामाची सुरुवात मोजणीपासून होते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटस उघडा, तिथे सिग्नलचा आकडा डीबीएम या एककात दिसतो. उणे ८० ते उणे ९० डीबीएम चांगला, उणे ११० च्या खाली गेला की कॉल तुटायला लागतात. प्रत्येक मजल्यावर, जिन्यात, लिफ्टच्या दारात आणि तळघरात आकडे टिपून नकाशावर मांडा. विटांच्या खोल्या असलेल्या मजल्यावर एक सेल साधारण २० मीटरपर्यंत पुरतो, मोकळ्या हॉलमध्ये त्याहून लांब. दवाखान्यात सीटी आणि एमआरआयच्या खोल्या सोडून द्याव्यात. त्या मुद्दाम बंदिस्त केलेल्या असतात. सेल बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये लावावा.

सगळे सेल एका स्विचला (नेटच्या केबली जोडायच्या डब्याला) जोडतात; त्या कॅट-६ केबलची लांबी १०० मीटरच्या आत हवी. वीज त्याच केबलमधून जाते, तेव्हा स्विच प्रत्येक पोर्टला ३० वॅट देणारा घ्या. जुन्या १५ वॅटच्या पोर्टवर सेल सुरू होतो आणि गर्दी वाढली की बंद पडतो. मग दोष विनाकारण सेलच्या माथी मारला जातो.

सर्वाधिक घोटाळा सेलच्या घड्याळात होतो. २३०० आणि ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत पाठवणे आणि ऐकणे एकाच लहरीवर आळीपाळीने चालते, त्यामुळे शेजारच्या सेलांची वेळ ३ मायक्रोसेकंदांच्या आत जुळावी लागते. वेळ जीपीएसवरून येते आणि जीपीएस घरात येत नाही. अँटेना गच्चीवर, मोकळ्या आभाळाखाली हवी, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नको. वेळ हरवली की थोड्या वेळाने सेल आपणहून प्रसारण थांबवतो, आणि लोक केबल तपासत बसतात.

शक्ती जास्त ठेवली तर सिग्नल खिडकीतून रस्त्यावर सांडतो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांतले फोन क्षणभर या सेलवर येतात, पुन्हा टॉवरवर जातात, आणि कॉल तुटतात. आत टॉवरपेक्षा ठळक आणि फाटकाबाहेर फिका, अशी शक्ती लावून घ्यावी. टॉवर आणि सेल यांची एकमेकांच्या शेजारयादीत (चालू कॉल कुणाकडे सोपवायचा त्या यादीत) नोंद आहे ना, हे कंपनीकडून तपासून घ्यावे. नाहीतर दारातून बाहेर पडताना कॉल जाणारच.

अनेक ठिकाणी सेलऐवजी एकाच यंत्राचा सिग्नल तांब्याच्या जाड केबलने वीस अँटेनांना वाटला जातो. त्याने रेंज सगळीकडे येते, क्षमता मात्र एकाच यंत्राची राहते. लहान लॉजला ते चालेल, दोनशे खाटांच्या दवाखान्याला नाही. उलट दोन खोल्यांच्या घराला यातले काहीच नको. चांगले ब्रॉडबँड आणि फोनमधले वायफाय कॉलिंग पुरते.

एका कंपनीचा सेल दुसऱ्या कंपनीच्या सिमला सेवा देत नाही. म्हणून मालकाने एकाच कंपनीशी करार करून दार बंद करू नये. डक्ट (केबल नेण्याचा मार्ग), रॅकची (यंत्रे ठेवायच्या चौकटीची) जागा आणि वीज सर्वांना सारख्या अटींवर द्यावी. इमारतींना डिजिटल जोडणीचे मानांकन देण्याचे नियम ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२४ मध्ये काढले आहेत. आमची महापालिकेला विनंती आहे की बांधकाम परवानगीच्या नकाशातच उभा डक्ट, प्रत्येक मजल्यावर रॅकची जागा आणि गच्चीपर्यंत एक मोकळा पाइप दाखवणे बंधनकारक करावे. स्लॅब पडण्याआधी हा पाइप जवळपास फुकटात बसतो, नंतर कोअर कटिंगचा (स्लॅबला भोक पाडण्याचा) खर्च येतो.

आणि कृष्णा विसरू नका. २००५, २०१९, २०२१ चे पूर पाहिलेल्या गावात रॅक तळघरात किंवा तळमजल्यावर ठेवणे म्हणजे तो पाण्याला देणे. दुसऱ्या मजल्यावर किंवा त्याहून वर न्या. वीज गेल्यावरचाही हिशोब करा. समजा, आठ सेल आणि स्विच मिळून सुमारे २५० वॅट, म्हणजे चार तासांना १ युनिट. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १.२ युनिटची असते, पण ती पूर्ण रिकामी करायची नसते, दोन लावाव्यात. फायबर जिथे संपतो तो डबाही त्याच यूपीएसवर घ्यावा, तो हमखास विसरला जातो. दवाखान्यांनी फायबरच्या दोन वाटा घ्याव्यात, आणि त्यातली एक पूरपट्ट्याच्या बाहेरून आलेली असावी.

आपले,
इमारतींतल्या मोबाईल नेटवर्कचे काम करणारे काही अभियंते,
सांगली-मिरज